घरातल्या कासवाचं घर

आम्ही पलूसच्या बायका. दुपारची भांडी आवरली की तुमच्याशी बोलायला बसतो, तशा आजही बसलोय. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे कासव. देवळात नंदीच्या पुढं असतं ते दगडी नव्हे, कृष्णेतलंही नव्हे. कपाटावर काचेच्या भांड्यात ठेवलेलं, हिरवं, हातावर मावणारं, ते कासव.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीकडं असं एक होतं. होतं म्हणजे अजून आहे, पण मध्यंतरी जायलाच आलं होतं. पोराच्या वाढदिवसाला शहरातल्या माशांच्या दुकानातून आणलेलं. सोबत एक प्लॅस्टिकचं भांडं, त्यात मधोमध प्लॅस्टिकचं नारळाचं झाड आणि लाल डबीत वाळलेले झिंगे. कासव घरात असलं की बरकत येते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिच्या सासूबाईंनी ते उत्तरेच्या भिंतीला, टीव्हीशेजारी मांडलं. दोन वर्षं ते तिथंच होतं. कुणी त्याला छळलं नाही. रोज झिंगे टाकले, रोज पाणी बदललं. आणि तरीही एके दिवशी आमच्या मैत्रिणीनं उचललं तर पाठ अंगठ्याखाली दबली. शिळ्या खोबऱ्यासारखी. डोळे सुजून मिटलेले. चार दिवस खाल्लेलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "घरात काही बरंवाईट नको गं. गुरुवारी औदुंबरला जाऊ तेव्हा घाटावरनं नदीत सोडून देऊ त्याला." आणि खरं सांगतो, आम्ही सगळ्याजणींनी मान डोलावली. जिवाला सोडणं म्हणजे पुण्यच की, असं आम्हालाही वाटलं. गुरुवार चार दिवसांवर होता म्हणून बरं झालं. त्या चार दिवसांत आम्ही विचारपूस केली, वाचलं, आणि आमचं किती चुकलं होतं ते कळलं. तेच आज सांगणार आहोत.

पहिली गोष्ट, तुमच्या घरातलं कासव कोणतं ते ओळखा. मराठीत आपण सगळ्यांना कासवच म्हणतो, पाण्यातलं असो नाहीतर जमिनीवरचं. पण दोघांचं घर अगदी वेगळं लागतं. 

डोळ्याच्या मागं लाल पट्टा असेल, पायाला बदकासारखा पडदा असेल, तर ते पाण्यातलं परदेशी कासव. मूळ गाव त्याचं अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. दुकानात बहुतेक वेळा हेच मिळतं. हे आपल्या देशातलं नाही, त्यामुळं वन्यजीव कायद्याच्या देशी प्राण्यांच्या यादीत ते येत नाही. आमच्या मैत्रिणीकडचं हेच.

पाठ उंच, घुमटासारखी, काळी, आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतील, तर ते जमिनीवरचं आपलं भारतीय चांदणी कासव. पुष्कळजण त्याला स्टार कासव म्हणतात. मैत्रिणींनो, हे घरात ठेवायचं नाही. किती प्रेमानं ठेवलंत, देवापुढं ठेवलंत, तरी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि हे कासव पहिल्या अनुसूचीत गेलं. म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. एवढं कडक का, तर चोरटा व्यापार तेवढा मोठा आहे. देशातल्या एका भागातूनच वर्षाला किमान ५५,००० कासवं पकडली जातात, असं २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात म्हटलंय. २०१८ साली सिंगापूरहून अशी ५१ कासवं विमानानं बंगळूरला परत आणली. तुमच्या किंवा शेजारच्या घरात असं कासव असेल तर वन विभागाचा १९२६ नंबर आहे, त्यावर कळवा. लपवून ठेवू नका, आणि रानात नेऊनही सोडू नका, कारण आपलं सांगलीकडचं रान हे काही त्याचं घर नव्हे. 

तिसरं आपलं नदीचं आणि विहिरीचं. मऊ पाठीचं, चपटं. पावसाळ्यात उसाच्या सरीत सापडतं, जुन्या विहिरीत पाणी साफ राहावं म्हणून सोडलेलं असतं. तेही पहिल्या अनुसूचीतलं. सापडलं की पोरं बादलीत घालून घरी आणतात. त्याच दिवशी, जिथं सापडलं तिथल्याच जवळच्या पाण्यात परत सोडायला लावा. चावतं जोरात, मान लांब असते, तेव्हा मागच्या बाजूनं धरा.

आता नदीत सोडण्याचं. लाल पट्ट्याचं कासव कृष्णेत सोडलं तर दोनपैकी एक होतं. आजारी असलं तर मरतं, आणि आपल्या डोळ्यांआड मरतं एवढंच. आणि धडधाकट असलं तर जगतं, ते आणखी वाईट. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर उपऱ्या जीवांची एक यादी निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघानं केली आहे, त्यात हे एवढंसं हिरवं कासव आहे. आपल्या कासवांची उन्हं खायची जागा बळकावतं, खाणं खातं, आजार पसरवतं. युरोपातल्या देशांनी १९९७ सालीच त्याची आयात बंद केली. केरळात त्रिचूरला २०१८ साली एका कालव्यात ते सापडलं, तेव्हा पिचीच्या वन संशोधन संस्थेनं लोकांना सांगितलं की पाण्यात सोडू नका, आमच्याकडं आणून द्या. आम्ही हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग आता ह्याचं करायचं काय?"

करायचं काय, तर त्याला घर करून द्यायचं. कारण कासव आजारी पडलं होतं ते घरामुळं.

कासवाला अंगात ऊब तयार करता येत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याला अन्न पचतं. आणि पाठीचं हाड घट्ट व्हायला चुना लागतो, तो अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते तयार व्हायला थेट ऊन लागतं. आपल्या बाळांना आपण कोवळ्या उन्हात घेऊन बसतो त्यातलाच प्रकार. टीव्हीशेजारच्या कासवाला ऊन कुठलं? खिडकीतून येत होतं की, असं आमची मैत्रीण म्हणाली. पण खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते, हाडाला लागणारे किरण मात्र काच अडवते. ही गोष्ट आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. दोन वर्षं ते जनावर उजेडात बसून उन्हाशिवाय राहिलं होतं. कासव ओरडत नाही, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि ते मरतंही इतकं सावकाश की आपल्याला वाटतं, शांत स्वभावाचं आहे.

आता घर कसं केलं ते सांगतो. 

आधी जागा. ठोकताळा असा आहे की पाठीच्या दर इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी हवं. मोजलं तर हे चार इंच भरलं. म्हणजे एकशेसाठ लिटर. आणि ते राहत होतं दोन लिटरात! मादी असेल तर पुढं दहा इंचांवर जाते, तेव्हा आज घेतलेलं घरही उद्या अपुरं पडणार हे धरून चाला. काचेची एवढी टाकी महाग पडते. मैत्रिणीचे मालक म्हणाले, "द्राक्षबागेतलं फवारणीचं बॅरल आहे, अर्धं कापून देतो." आम्ही सगळ्या एकदम नको म्हणालो. औषधाचं भांडं कितीही धुतलं तरी त्यात जीव ठेवायचा नाही. शेवटी जनावरांना पाणी पाजायला घेतात तसलं काळं टब आणलं, दोनशे लिटरचं. ते टीपॉयवर ठेवायचा विचार चालला होता. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो हो. ते जमिनीवरच ठेवायचं, आणि भरल्यावर हलवायचं नाही. म्हणून जागा आधी ठरवा. सोप्यात, दाराच्या वाऱ्यापासून जरा आत, रात्री दिवा बंद केल्यावर अंधार पडेल अशा ठिकाणी. टीव्हीशेजारी नको, स्वयंपाकघरात तर नकोच, त्याचं कारण पुढं सांगतो.

पाणी किती? पाठीच्या लांबीच्या दीडपट तरी खोल, म्हणजे उलटं पडलं तर सुलटं होता येईल. आजारी होतं तेव्हा आम्ही कमी ठेवलं, मग वाढवत नेलं. काठ मात्र उंच हवा, कारण ही मंडळी चढण्यात हुशार. तळाला रंगीत खडे घालू नका. डोक्यापेक्षा लहान खडा ते गिळतं आणि आतडं अडतं. आमच्या टबाचा तळ मोकळाच आहे, पुसायला सोपा.

मग बसायची जागा. पाण्यातलं कासव असलं तरी त्याला पूर्ण कोरडं होऊन बसता आलं पाहिजे, नाहीतर पाठीला बुरशी धरते. आम्ही दोन विटांवर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आणि पाण्यातून वर चढायला मंगलोरी कौल तिरकं लावलं. कौल खडबडीत असतं, नखं रुततात. गुळगुळीत फरशीवर पहिले दोन दिवस ते घसरून पडत होतं, ते बघून कौलाची आठवण झाली. एक काळजी घ्या. विटांच्या मध्ये अंग अडकेल अशी फट ठेवू नका. पाण्यातलं कासवही श्वास बाहेर येऊन घेतं, पाण्याखाली अडकलं तर बुडून मरतं. दुसरं एक कौल आम्ही पाण्याखाली आडवं ठेवलंय, लपायला. भरपूर मोठी पोकळी आहे त्याच्याखाली.

आता ऊब. फरशीच्या वर दिवा लागतो, असा की त्याच्याखाली तीस ते पस्तीस अंशांची ऊब राहील. पाणी चोवीस ते अठ्ठावीस. हल्लीचे एलईडी दिवे इथं बिनकामाचे, त्यांची ऊब खाली येत नाही. जुना पिवळा दिवा हवा. तो आता सहज मिळत नाही, पण कोंबड्यांच्या पिलांना ऊब द्यायला लावतात ना, तो आपल्याकडं विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. साठ वॅटचा, चिनीमातीच्या होल्डरमध्ये, वरून साखळीनं टांगलेला, फरशीपासून फूटभर उंच. वायरला लोंबकळत ठेवू नका. खाली पाणी आहे, दिवा पडला तर कासव जाईल आणि हात घालणारं माणूसही जाईल. दिवसाला दहा-बारा तास लावायचा, रात्री बंद. वीज गेली तर घाबरू नका, दोन-चार तासांनी त्याचं काही बिघडत नाही. थंडीत रात्री पाणी गार पडतं तेव्हा माशांच्या टाकीचा, जाळी असलेला हीटर टाकतो. अंघोळीच्या पाण्याची हीटिंग रॉड कुणी टाकू नका, हात जोडून सांगतो. पाण्याचा थर्मामीटर माशांच्या दुकानात मिळतो, तो दिव्यापेक्षाही आधी आणा. हात घालून "कोमट वाटतंय" म्हणणं चालत नाही, आपला हात भाकरी थापून थापून निबर झालेला असतो.

उन्हाचं काय? कासवांसाठी खास नळी मिळते, उन्हातले ते किरण देणारी. मागवून आणावी लागते, बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा महाग पडते, आणि दिसायला पेटत असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचा जोर जातो, बदलावी लागते. ज्यांच्या घरी अंगण नाही, गच्ची नाही, त्यांना ती घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. पण पलूसला उन्हाचा तोटा आहे का? आमच्या मैत्रिणीनं द्राक्षाचं क्रेट घेतलं, अर्ध्यावर पोतं टाकून सावली केली, आत पसरट ताटलीत पाणी, आणि वरून बागेला पाखरांसाठी लावतात ती जाळी बांधली. मांजर, कावळा, मुंगूस, सगळे टपलेले असतात. थंडीत आठ-नऊ वाजता, उन्हाळ्यात साडेआठच्या आत, अर्धा तास. कुणीतरी जवळ बसायचं. आणि काचेचं भांडं उन्हात कधीच ठेवायचं नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा अडतीस-चाळीसवर जातो, काचेतलं पाणी बघता बघता तापतं आणि कासव शिजतं. शब्द कठोर आहे, पण तसंच होतं.

खाण्याबद्दल आता. लाल डबीतले वाळलेले झिंगे म्हणजे पोराला रोज कुरमुरेच देण्यासारखं. कासवांच्या खास गोळ्या मिळतात, त्या मुख्य, त्याच्या डोक्याएवढ्याच मापानं. लहान असताना रोज, मोठं झाल्यावर एक दिवसाआड. सोबत पाला. गाईसाठी वाफ्यात अ‍ॅझोला करणाऱ्या मैत्रिणी आहेत ना आपल्यात? तो अ‍ॅझोला कासव आवडीनं खातं, पाण्यावर तरंगत राहतो, फुकट मिळतो. लसूणघासाची कोवळी पानं, जास्वंदीचं फूल, किसलेलं गाजर आणि लाल भोपळा, हे चालतं. गाजर-भोपळ्यातलं अ जीवनसत्त्व डोळ्यांना लागतं, सुजलेले डोळे बहुतेक त्याच्या कमतरतेमुळंच असतात. कधीतरी गांडूळखताच्या बेडमधलं गांडूळ. पालक सारखा देऊ नका, तो चुना अंगी लागू देत नाही. बागेतला पाला नको, फवारणी असते. चपाती, भात, दूध काही नाही. आणि चुन्यासाठी समुद्रफेन, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवायचा. ते कुरतडत बसतं.

खायला आम्ही वेगळ्या घमेल्यात घालतो, म्हणजे टबातलं पाणी लवकर खराब होत नाही. फिल्टर नसल्यानं एक दिवसाआड अर्धं पाणी बदलतो. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात भरून ठेवायचं. जुनं पाणी काढायला नळी लावतो, आणि इथं एक महत्त्वाचं. नळी तोंडानं ओढायची नाही. आधी नळी पाण्यानं भरून घ्यायची आणि मग एक टोक खाली सोडायचं. कारण कासवाच्या अंगावर, पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, कासव ठणठणीत दिसत असलं तरी. माणसाला जुलाब, उलट्या, ताप. लहान बाळ, बाळंतीण, म्हातारं माणूस यांना जास्त धोका. लहान मुलं इवलीशी कासवं तोंडात घालायची म्हणून अमेरिकेत १९७५ सालापासून चार इंचांपेक्षा लहान कासव विकायलाच बंदी आहे. म्हणून स्वयंपाकघर नको म्हणालो. मोरीत ते पाणी ओतू नका, घमेलं भांड्यांबरोबर घासू नका. पाणी गुलाबाला, नारळाला घाला. कोथिंबिरीला नको, ती आपण कच्ची खातो. हात साबणानं धुवायचे, पोरांचे आपण समोर उभं राहून धुऊन घ्यायचे. घरात रांगतं बाळ असेल तर आमचं मत विचाराल, तर कासव आणूच नका.

जमिनीवरचं परदेशी कासव काहीजण घेतात, आफ्रिकेतलं, सुलकाटा नावाचं. त्याला पाण्याचं टब नको, बुडेल. त्याला पसरट, वरून उघडी लाकडी पेटी, माती-वाळूचा थर, एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, लपायला खोपा, उथळ ताटलीत पाणी आणि मुख्य खाणं गवत. २०२४ च्या नियमाप्रमाणं अशा कासवाची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, पावती जपून ठेवावी लागते. पण त्याआधी एवढं ऐका की ते वाढून चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि माणसाएवढं जगतं. त्याला खोली पुरत नाही, गोठा लागतो. 

आमच्या मैत्रिणीचं कासव डॉक्टरांना दाखवलंच होतं. नुसतं घर बदलून मऊ पाठ बरी होईल असं समजू नका, औषध लागतं, आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. आपल्या भागातले डॉक्टर गाईम्हशींचे जाणकार, कासव सगळेच बघतात असं नाही. मिरज-सांगली, कोल्हापूरला पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेत, शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी फोन करून "कासव बघता का" एवढं विचारा आणि मगच एसटी धरा. नेताना पाण्यात नाही न्यायचं, ओल्या फडक्यावर, भोकं पाडलेल्या डब्यात. एका अंगावर तिरकं तरंगत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, तर त्याच दिवशी निघा.

डोळे तीन आठवड्यांनी उघडले. पाठ घट्ट व्हायला पाच-सहा महिने गेले. कडेला जो वाकडेपणा आला तो तसाच राहिला, तो आता जाणार नाही. दर रविवारी पोरगं त्याला स्वयंपाकाच्या नव्हे, वेगळ्या आणलेल्या काट्यावर ठेवतं आणि वजन वहीत लिहितं. सासूबाई सकाळी माळ घेऊन क्रेटजवळ बसतात, राखणीला. औदुंबरला त्या गुरुवारी गेल्या होत्या, पण मोकळ्या हातानं. परवा पोरानं विचारलं, "आजी, हे अजून किती वर्षं जगंल?" आम्ही सांगितलं, नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं सहज. तसा आजीनं हिशेब केला आणि सुनेला म्हणाली, "म्हंजे हे तुझ्याच गळ्यात हाय बघ."

दुसरं आणायचा हट्ट पोरानं धरला होता, जोडी म्हणून. आणलं नाही. ही कासवं एका टबात भांडतात, चावतात. ज्यांच्या घरी लाल पट्ट्याचं कासव आहे आणि खरंच सांभाळणं होत नाही, त्यांनी आमच्याकडं निरोप पाठवा. टब मोठं असलेलं आणि हौस असलेलं एखादं घर शोधता येतंय का बघू. तोवर नदीकडं जाऊ नका.